पाहुणे आत आहेत

दिवा बारीक करा जरा. आणि तू रे, कोपऱ्यातल्या, तो मोबाइल पालथा ठेव. गोष्ट अर्धी कानानं आणि अर्धी अंगठ्यानं ऐकायची नसते. मधे 'खरं का, खरं का' पण करायचं नाही. मनानं रचायची असती तर यापेक्षा झकास रचून दिली असती. एक विहीर घातली असती, एक पांढऱ्या कपड्यांतली बाई घातली असती, झालं काम. ही तशी नाही. यातल्या घरात मी स्वतः बसून चहा प्यायलोय, आणि ज्यांच्यावर हा प्रसंग आला त्या खिळेमामांच्या वरच्या मजल्यावर माझा मावसभाऊ भाड्यानं राहायचा. तेव्हा गप बसा आणि ऐका.

खिळेमामा म्हणजे चपला-बूट दुरुस्त करणारे. घर तळमजल्यावर, रस्त्याला लागून, आणि घराची पायरी हेच दुकान. खिळेमामा नाव पडलं ते तोंडातल्या खिळ्यांमुळे. बारीक बारीक खिळे ओठांत धरायचे, एकेक काढायचा, ठोकायचा. त्यामुळे कामाला बसला की माणूस मुका. गिऱ्हाइकानं काही विचारलं तर एकदा 'हूं' नाहीतर दोनदा 'हूंहूं'. पहिल्याचा अर्थ होईल, दुसऱ्याचा अर्थ उद्या या. मामी म्हणायच्या, आमचा संसार टिकला तो त्या खिळ्यांच्या कृपेनं. आणि दुसरी खोड अशी, की मामा मान वर करायचे नाहीत. समोर ठोकळ्यावर पाय आला की पायाकडेच बघणार. रस्त्यात कुणी 'काय मामा, ओळखलंत का' म्हणालं की हा माणूस आधी खाली बघायचा, मग म्हणायचा, 'अरे, तू होय!'

तर पूल पडला ते साल. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, सुट्टी मिळाली एवढंच आठवत असेल. सोमवारी संध्याकाळी, कारखाने सुटायच्या वेळी, नदीवरचा पायी जायचा पूल माणसांनी गच्च भरलेला असताना मधोमध तुटला. देशभर झेंडे अर्ध्यावर आले. टीव्हीवर तो पूल दिवसभर पडतच होता. एकदा पडून पुरला नाही त्यांना.

पण टीव्हीवर जे दिसलं नाही ते सांगतो. रिक्षावाल्यांनी मीटर पाडलेच नाहीत, ओल्या माणसांना मांडीवर घेऊन इस्पितळात पोचवलं. औषधवाल्यानं शटर वर केलं ते चार दिवस खाली ओढलं नाही. गल्लीतला सलूनवाला, एरवी जिभेनंच हजामत करणारा, तो इस्पितळात जाऊन जखमींच्या दाढ्या करत बसला. म्हणाला, घरचे लोक भेटायला येतील तेव्हा माणूस ओळखू यायला नको का? आणि मामांच्या शेजारची शिलाईवाली आणि वरचा माझा मावसभाऊ, यांचं सांडपाण्याच्या नळीवरून भांडण होतं, कित्येक वर्षं बोलणं बंद. ती दोघं एका हातगाडीवर लोकांसाठी पांघरुणं घेऊन जाताना दिसली तेव्हा गल्लीनं काय ते ओळखलं. शब्द मात्र बोलली नाहीत एकमेकांशी, तेवढा कडवेपणा राखला.

गोष्ट आहे गुरुवारच्या रात्रीची. शुक्रवारी सकाळी देशाचे सगळ्यात मोठे लोक फुलं वाहायला यायचे होते, त्याच्या आदल्या रात्रीची.

अंधार पडला होता. मामी म्हणाल्या, चहापत्ती संपलीय, जाऊन या. इस्पितळाबाहेर बसलेल्या लोकांना सगळी गल्ली पाळीपाळीनं चहा नेत होती, आणि ती रात्र मामींची होती. मामा उठले, पिशवी घेतली. दुकानदारानं मागितला त्याच्या दुप्पट पुडा पिशवीत टाकला. येताना मामा नदीकाठच्या मैदानावरून आले. मुद्दामच आले. कारण तिथे ढीग होता.

चपलांचा. पूल तुटला तेव्हा माणसांच्या पायांतून जे जे निघालं, काठावर राहिलं, पाण्यानं बाहेर टाकलं, ते सगळं लोकांनी गोळा करून मैदानावर ठेवलं होतं. बूट, सँडल, लहान मुलांच्या चपला. ज्यांची माणसं सापडली नव्हती ते दिवसा येऊन त्यात शोधायचे. मामांनी आयुष्यभर चपलाच बघितल्या, पण त्या ढिगाकडे बघताना त्यांना पहिल्यांदा वाटलं, की आपण वर बघायला शिकायला हवं होतं.

ढिगापाशी एक बाई बसली होती. दुसऱ्या गावाहून आलेली. तिची पोर इथे पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात कामाला. सोमवारपासून पत्ता नाही. जिवंतांत नाही, इस्पितळात नाही, सापडलेल्यांतही नाही. बाई कचेरीत गेली तर तिथला साहेब म्हणाला, पुलावर होती याला पुरावा काय? तरुण पोर आहे. गेली असेल कुणाबरोबर. येईल महिन्याभरानं.

बाईनं हे मामांना सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. रडून झालं होतं. ती चिडलेली होती, आणि मामांना ते बरं वाटलं. ती म्हणाली, शुक्रवारी फुलं वाहून झाली की शोध थांबणार आहे. जे मोजले गेले ते गेले. माझी मुलगी मोजलीच नाही तर तिच्यासाठी नदीत कोण उतरणार? तिच्या सँडल मिळाल्या तर त्या साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवीन.

मग तिनं सँडल कशा होत्या ते सांगितलं. तपकिरी. डाव्या पायाचा पट्टा बाईनं स्वतः शिवलेला, पिवळ्या दोऱ्यानं, कारण घरात दुसरा दोरा नव्हता. पोर त्यावर केवढी कुरकुरली होती, लोक हसतील म्हणून. आणि असं सांगता सांगता माणूस जसा वाहत जातो तशी ती बाई पोरीचं काय काय सांगत गेली. कशी हट्टी होती. कुणाकडे गेली तरी उठताना आपला कप स्वतः विसळून मोरीच्या कट्ट्यावर पालथा घालून यायची. पाहुण्यांनी कशाला, असं म्हटलं तरी ऐकायची नाही. आपलं उष्टं दुसऱ्यानं का काढायचं, म्हणायची. मैत्रिणी चिडवायच्या तिला, कपवाली म्हणून. हे सांगताना बाई जराशी हसली. मामा नुसते 'हूं' म्हणाले, तोंडात खिळे नसतानाही.

तेवढ्यात मैदानावर ट्रक आला. त्याच्यामागून जीप. जीपमधून तोच साहेब उतरला, बूट चकचकीत. त्यानं ढिगाकडे हात केला आणि ट्रकवाल्याला सांगितलं, हे सगळं भरा आणि कचरा डेपोवर खड्ड्यात टाका. सकाळी कॅमेरे येणार आहेत, हे असलं समोर चांगलं दिसत नाही.

चांगलं दिसत नाही! त्याचं हे वाक्य अजून आठवलं तरी माझं डोकं फिरतं. माणसं मेली ती चांगली दिसत होती काय?

ट्रकवाला खाली उतरला. ढिगाकडे बघितलं. बाईकडे बघितलं. परत जाऊन ट्रकमध्ये बसला, किल्ली फिरवल्यासारखं केलं, आणि म्हणाला, साहेब, गाडी बंद पडली. साहेब म्हणाला, आत्ता तर चालत आली. ट्रकवाला म्हणाला, हो ना, तेच तर. मग त्यानं बॉनेट उघडलं आणि आत तोंड घातलं ते काढलंच नाही. साहेबानं खूप आदळआपट केली आणि दुसरा ट्रक आणायला जीप घेऊन गेला. जाताना म्हणाला, तासाभरात येतो, तोवर कुणी हात लावायचा नाही.

मामा घरी आले. चहापत्तीचा पुडा मामींच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. लग्न झाल्यापासून एका दमात एवढं बोलले नसतील. मामींनी पुडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आपल्या दारात आणून ठेवा."

मामांना कळलं नाही.

"दारातल्या चपला कोण उचलतं? दारात चार जोड जास्त असले तर माणूस काय म्हणतो? पाहुणे आलेत म्हणतो. ठेवा सगळ्यांनी आपापल्या दारात. बघू कोण हात लावतो."

ही आमची मामी. चौथी पास.

अर्ध्या तासात गल्ली मैदानावर. पोती, टोपल्या, बादल्या, सलूनवाल्यानं तर खुर्चीवरचं कापडच आणलं. पांघरुणांची हातगाडी होतीच. बंद पडलेला ट्रक मधेच चालू झाला, दोन खेपा केल्या, परत जागेवर येऊन बंद पडला. ढीग कमी कमी होत संपला. आणि गल्लीत, दोन्ही बाजूंना, एकेका पायरीवर जोड लागत गेले. बायका ओळीनं मांडत होत्या, टाचा रस्त्याकडे, पुढची टोकं घराकडे. पाहुणा आत जाताना काढतो तशा. त्या पोरीची आई प्रत्येक पायरीवर वाकून मोबाइलच्या उजेडात बघत होती. पिवळा दोरा कुठेच नव्हता. शेवटच्या पायरीपाशी ती खालीच बसली. शिलाईवालीनं तिला धरून घरात नेलं, मांडीवर डोकं घेऊन बसली. ती झोपली की बेशुद्ध झाली ते शिलाईवालीलाही सांगता आलं नाही.

आणि मग मामींचं दुसरं सुरू झालं. त्यांनी पुढच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या. मामा म्हणाले, हे कशाला? तर म्हणाल्या, पाहुणे आलेत म्हणून सांगणार ना? मग बसायला नको? रस्त्यापलीकडून सलूनवाल्याच्या बायकोनं विचारलं, पाणी पण ठेवायचं का? पाण्यानंच गेलेली माणसं ती. मामी म्हणाल्या, "पाणी नको. चहा ठेवा. गारठली असतील."

गारठली असतील. असं म्हणाल्या त्या. बोलून गेल्यावर स्वतःच थबकल्या… आणि आत जाऊन आधण ठेवलं.

घराघरांत सतरंज्या. घराघरांत कप. हट्टच होता तो, दुसरं काही नाही. तुम्ही खड्ड्यात टाकणार काय? आम्ही घरात घेऊ.

मग दिवे मालवले. रस्त्यावरचे दिवे दुखवट्यामुळे बंदच होते. चंद्र नव्हता. मामा एकटे पायरीवर बसले. राखण म्हणून. नुसतं बसवेना, तेव्हा बॅटरीचा छोटा दिवा ठोकळ्याजवळ ठेवला, हातात आलेला एक उसवलेला बूट घेतला, ओठांत खिळे धरले आणि कामाला लागले. ज्याचा बूट असेल त्याच्या घरच्यांना तो धड मिळावा, एवढंच डोक्यात.

बूट झाला. बाजूला ठेवला.

ठोकळ्यावर पाय आला.

आता सवय बघा माणसाची. कोण, कुठलं, या वेळी कसं, काही मनात नाही. पाय आला की बघायचं काय तुटलंय. डावा पाय. सँडल. पट्टा तळापासून सुटलेला. मामांनी हातोडी उचलली. पट्टा धरला.

ओला होता.

पाय पण ओला. बारीक पाय, पोरीचा. बोटांची कातडी सुरकुतलेली. दिवसभर धुणं धुतल्यावर आपल्या हातांची होते ना… तशी. कपड्याच्या काठावरून पाणी गळत होतं. टिप… टिप… ठोकळ्यावर. दिव्याजवळ छोटं तळं झालं होतं.

मामांनी पट्टा उलटा केला.

पिवळा दोरा.

पोरांनो, मामा मला म्हणाले, त्या क्षणी ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कसा? तोंडात खिळे. मान वर करावी… मान वर होईना. आयुष्यभर केली नव्हती, आता कशी होणार? हात मात्र थांबले नाहीत. ते म्हणाले, दोरा तुटला नव्हता रे. आईनं शिवलेलं तसंच्या तसं होतं. शेजारचं चामडं फाटलं होतं.

मामांनी खिळा काढला ओठातून. ठोकला.

टक.

गल्लीत दुसरा आवाज नाही.

दुसरा खिळा.

टक.

पाय हलला नाही. गिऱ्हाईक किती शहाणं असतं कधी कधी… तसा, स्थिर. थंडी मात्र लागत होती त्या पायाला. आतल्या आत थरथरत होता. आणि मग मामांना भीती वाटायची थांबली. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. म्हणाले, थंडीनं कुडकुडणाऱ्या पोरीला कसलं भ्यायचं? त्यांनी पट्टा ओढून बघितला. पक्का. सवयीनं बोटांनी पायाला टपली मारली, झालं म्हणून.

बर्फ.

पाय उचलला गेला.

दिव्याच्या उजेडाबाहेर काहीतरी वाकलं. पायरीवर दोन सँडल ठेवल्या गेल्या. शेजारी शेजारी. टाचा रस्त्याकडे. पुढची टोकं घराकडे.

मागे दार करकरलं…

मामा तसेच बसून राहिले. खिळे ओठांत.

मग गल्लीच्या टोकाला दिवे चमकले. जीप. मैदान रिकामं बघून साहेब पेटून आला होता. दोन शिपाई बरोबर. टॉर्च पायऱ्यांवरून फिरली, या बाजूनं, त्या बाजूनं. पायरी पायरीवर चपला. साहेब ओरडला, हे सगळं इथे कुणी आणलं? दारं उघडली. माणसं आपापल्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. ताकास तूर लागू देईनात. सलूनवाला म्हणाला, आमच्याकडे पाहुणे आलेत. शिलाईवाली म्हणाली, आमच्याकडे पण. वरून माझा मावसभाऊ म्हणाला, यांच्याकडचे जास्त झाले ते आमच्याकडे झोपलेत. नळीच्या भांडणानंतर तिच्या बाजूनं बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य.

साहेब मामांपुढे येऊन उभा राहिला. टॉर्च त्या तपकिरी सँडलवर.

"आणि या कुणाच्या?"

मामांच्या तोंडात खिळे. मागून मामी आल्या. त्या सँडल त्यांनीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिल्या. पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"पाहुणे आत आहेत," मामी म्हणाल्या.

"दाखवा. मला बघायचेत तुमचे पाहुणे."

"बघा की. बूट काढून या. माझ्या घरात लोक बसलेत."

साहेब हसला. शिपायांकडे बघितलं. शिपाई हसले नाहीत. गल्लीभर माणसं उंबऱ्यांत उभी, नुसती बघतायत. तो वाकला, बूट काढले, त्या सँडलच्या शेजारी ठेवले आणि दार ढकलून आत गेला.

दार मागे लोटलं गेलं.

मामा दाराला पाठ करून. मामी शेजारी. आत पुढची खोली, तीत अंथरलेल्या सतरंज्या आणि चहाचे कप. बाकी कुणी नाही. हे दोघांना ठाऊक. म्हणजे… ठाऊक होतं.

वेळ गेला.

मग आतून साहेबाचा आवाज आला. दमदाटीचा नव्हे. बारीक.

"…तू कोण?"

मग काही नाही.

"हो…"

पुन्हा काही नाही. जसं कुणी सावकाश बोलतंय आणि हा ऐकतोय. पण दुसरा आवाज नाही. मामी म्हणायच्या, कान फुटतील इतकी शांतता.

"हो… लिहितो. …लिहितो ना. …मीच."

दार उघडलं. साहेब बाहेर आला. चेहरा पांढराफटक. कुणाकडे बघितलं नाही. पायरी उतरला, जीपकडे गेला, बसला. शिपायांनी काही विचारलं. त्यानं नुसता हात हलवला, चला म्हणून. जीप गेली.

बूट पायरीवरच राहिले.

आत काय होतं? मामा-मामी लगेच आत गेले. सतरंज्या होत्या. कप होते. कुणी नव्हतं. त्यानं काय पाहिलं ते त्याचं त्यालाच ठाऊक, आणि त्यानं जन्मात कुणाला सांगितलं नाही. बूटही न्यायला आला नाही. सलूनवाला पुढे कितीतरी वर्षं विचारायचा, मामा, साहेबांचा पाहुणचार झाला का पुरा? त्या बुटांना धूळ मात्र मामांनी बसू दिली नाही. म्हणाले, पाहुण्याची वस्तू आहे.

पहाटे शिलाईवाली आईला घेऊन आली. मामांची पायरी तिनं रात्री वाकून बघितली होती, तेव्हा काही मिळालं नव्हतं. आता तिथे सँडल होत्या. आई खाली बसली. डावी सँडल उचलली. पिवळ्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. मग त्याच्या शेजारचे खिळे बघितले. नवे, लखलखीत.

"या कधी सापडल्या?"

मामांनी ओठांतले खिळे काढून तळहातावर घेतले. रात्रभर तसेच होते ते.

"सापडल्या नाहीत," मामा म्हणाले. "ती आली होती."

आईनं मामांकडे बघितलं. आणि पोरांनो, मामांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. मान वर करून. तिनं सँडल छातीशी धरल्या. मग म्हणाली, दोरा टिकला माझा. आणि रडली, ते तेव्हा.

सकाळी फुलं वाहिली. मैदान स्वच्छ होतं, कॅमेऱ्यांना हवं तसं. पण कॅमेरेवाले शहाणे निघाले. ते मैदान सोडून गल्लीत आले, आणि त्या संध्याकाळी देशानं पूल पडताना बघितला नाही, दारादारांतल्या चपला बघितल्या. महिनाभर लोक येत होते लांबून लांबून. ज्याला आपल्या माणसाचा जोड मिळाला त्याला त्या घरानं बसवून चहा दिला, मगच जाऊ दिलं. आणि फुलं वाहताना बुडालेल्यांची नावं मैदानावर वाचून दाखवली, त्यात त्या पोरीचं नाव होतं. साहेबानं स्वतः घातलं होतं. कुणाकडे पुरावा मागितला नव्हता. बाईवर सँडल टेबलावर ठेवायची वेळच आली नाही. शोध थांबणार होता तो थांबला नाही, आणि पुढच्या आठवड्यात नदीनं तिला परत दिलं.

पण ते नंतरचं. पहाटेचं राहिलंच सांगायचं.

आई उठली. मामींनी तिला घरात घेतलं, बस म्हणाल्या. पुढच्या खोलीत कप जिथल्या तिथे होते. गार चहा, वर साय धरलेली. कुणी ओठ लावला नव्हता. मामी ते उचलायला लागल्या आणि थांबल्या. एक कमी होता. त्यांनी सतरंजीखाली बघितलं, दारामागे बघितलं.

आई मात्र सतरंजीकडे बघत नव्हती. आत बघत होती. मोरीकडे.

कट्ट्यावर एक कप होता. विसळलेला. पालथा घातलेला. कडेवरून पाणी अजून ओघळत होतं.

मामींनी तो कप नंतर कधी सुलटा केला नाही. कुणाला करूही दिला नाही. मी गेलो होतो तेव्हा मला चहा दुसऱ्या कपातून मिळाला. हा तिथेच होता, कट्ट्यावर, पालथा. मी हळूच बोट लावून बघितलं…

कड ओली होती.